बारा तट्ट्यांचं छत

मी चाळीस वर्षं लोकांच्या घरात आतली छतं बसवली. सुरुवातीला लाकडी फळ्यांची, नंतर जिप्समची, शेवटी पीव्हीसीची. आता उजवा खांदा वर जात नाही म्हणून थांबलो. एवढ्या छतांपैकी एकाचीच गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ते मी बसवलेलं नाही. मी शिडी धरली आणि खिळे दिले. ते छत ओतिलिया मारुलांदाचं.

ओतिलिया आमच्या एल रोसियो वाडीतली. वर डोंगर, मध्ये कॉफी, खाली ओढ्याकाठी ग्वादुआची बेटं. ग्वादुआ म्हणजे पोटरीएवढा जाड बांबू. तो फोडून, उलगडून सपाट केला की त्याची तट्टी होते. तट्टी लाकडी सांगाड्यावर ठोकायची, वर शेणमातीचा नाहीतर चुन्याचा लेप द्यायचा, की झाली कुडाची भिंत. आमच्याकडची निम्मी घरं अशीच उभी आहेत. मोठ्या भूकंपात शहरातली सिमेंटची घरं बसली. ही हलली आणि परत जागेवर आली.

तट्टी करणं हे पुरुषाचं काम समजतात. ओतिलियानं ते बापाकडून घेतलं, कारण बापाची कंबर गेली होती आणि कुऱ्हाड उचलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा ती सतरा वर्षांची. पुढे लग्न झालं, नुबिया झाली, नवरा कॉफी तोडायला पलीकडच्या खोऱ्यात गेला आणि तिकडचाच झाला. ओतिलिया कुऱ्हाडीवर राहिली.

हे काम बघणाऱ्याला सोपं वाटतं, म्हणून नीट सांगतो. चार मीटरचा ओला बांबू जमिनीवर आडवा घालायचा. प्रत्येक पेऱ्यावर गोल फिरून कुऱ्हाडीनं चिरा द्यायच्या, दोन बोटांवर एक. घाव हलका पडला तर पेर उघडत नाही. जड पडला तर तट्टीच्या पट्ट्या सुट्या होतात. मग टोकापासून टोकापर्यंत एक लांब चीर. मग अनवाणी वर चढून टाचांनी दाबत चालायचं, म्हणजे बांबू हळूहळू उलगडून जमिनीला टेकतो. शेवटी आतला पांढरा मऊ गर पात्यानं खरवडून काढायचा, कारण किडा तिथूनच शिरतो. चांगला गडी दिवसाला वीस तट्ट्या करतो. ओतिलिया पंचवीस करायची. भिंतींच्या कामांत तिची एकही मी परत पाठवलेली नाही, आणि मी पुष्कळांच्या परत पाठवल्यात.

दुसरी गोष्ट चंद्राची. ग्वादुआ उतरत्या चांदातच तोडायचा, तोही उजाडायच्या आत. तेव्हा रस खाली मुळांशी गेलेला असतो. चढत्या चांदात तोडलेला बांबू गोड राहतो आणि वर्षभरात त्याचा भुगा होतो. शिकलेले लोक यावर हसतात. ओतिलियानं पन्नास वर्षांत एकही बांबू चढत्या चांदात तोडला नाही. गिऱ्हाईक दारात घोडं बांधून बसलं तरी नाही.

एवढं करून तिचं काम कुणी कधी पाहिलं नव्हतं. तट्टी ठोकली की तिसऱ्या दिवशी लेपाखाली जाते. लेप देणाऱ्याचं नाव होतं, चुना लावणाऱ्याचं होतं. तट्टीचं कुणी विचारत नाही. तिच्या स्वतःच्या घराच्या भिंतीही तिच्याच तट्ट्यांच्या, वर चुना. आणि त्याच्यावर उघडा पत्रा. छत कधी झालंच नाही. कधी नुबियाची शाळा आली, कधी पत्राच बदलावा लागला.

आमच्याकडे नाताळाआधी नऊ दिवस प्रार्थना असते, रोज एका घरी. घरवाल्यानं बाळ येशूचा देखावा मांडायचा, आलेल्यांना दुधाची खीर आणि चीजचे तळलेले बुन्युएलो द्यायचे. ऑक्टोबरात चर्चच्या अंगणात पाळ्या ठरतात. ओतिलिया सगळ्यांच्या घरी जायची, पाळी कधी घ्यायची नाही. पत्र्याखाली पाऊस लागला की प्रार्थना ऐकू येत नाही, आणि वटवाघळांची घाण वरून सरळ देखाव्यावर पडते. हे ती स्वतःच सांगायची, हसून.

त्या वर्षी तिनं हात वर केला. "तेवीस तारीख माझी."

सगळे वळून बघायला लागले. कार्मेन्सा अरांगो पहिल्या बाकावर होती. वाडीतलं एकमेव पांढरंशुभ्र छत तिचं, मध्ये गोल नक्षी, सासऱ्याच्या वेळचं. ती म्हणाली, "ए बाई, येऊ की आम्ही. छत्र्या घरून आणायच्या का तू देशील?"

ओतिलिया म्हणाली, "तेवीसला कळेल."

त्याच संध्याकाळी ती माझ्या दारात आली. अडुसष्ट वर्षांची बाई, चढ चढून आलेली, तरी बसली नाही. "एव्हेलियो, छत कशाचं घालू सांग. पांढरं हवं. कार्मेन्सासारखं. आणि पुढच्या वर्षी परत तुझ्या दारात यायला लागू नये."

मी म्हणालो, "दोन्या ओतिलिया," वडीलधाऱ्या बाईला आम्ही दोन्या म्हणतो, "पीव्हीसी घाला. हलकं, पांढरं, पुसलं की स्वच्छ. दोन दिवसांत लावून देतो."

"नुबियाही तेच म्हणते. तिच्या शहरातल्या घरात तेच आहे." मग म्हणाली, "तुकडा दे. बघते."

मला वाटलं हातात धरून बघेल. तिनं पीव्हीसीची पट्टी घरी नेऊन पत्र्याखाली टांगली आणि दहा दिवस ठेवली. दुपारी आमचा पत्रा इतका तापतो की हात ठेववत नाही. अकराव्या दिवशी तिनं मला बोलावलं. पट्टी मधोमध पोट सुटल्यासारखी खाली आली होती.

"हे माझ्याआधी म्हातारं झालं," ती म्हणाली. "दुसरं आण."

मी जिप्समचा तुकडा दिला. तो तिनं पत्रा जिथं गळतो तिथं बरोबर खाली लावला. मी म्हणालो, "अहो, गळक्या जागी कुणीही जिप्सम लावत नाही."

"पत्रा आज गळत नाही तो उद्या गळेल. मला गळल्यावर काय होतं ते बघायचंय."

एका आठवड्यात त्यावर तपकिरी डाग आला आणि कोपरा भिजलेल्या पावासारखा झाला. मग मी पाइनची फळी नेली. तिनं ती लाकडाच्या ढिगावर, जिथं वाळवी आहे हे तिला माहीत होतं, तिथं टाकून ठेवली. दोन आठवड्यांनी उचलली आणि माझ्याकडे पोकळ बाजू केली. 

मी वैतागलो होतो. चाळीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकानं माझ्या मालाची अशी परीक्षा घेतली नव्हती. म्हणालो, "मग तट्टीच ठोका की. तुमचाच माल आहे."

तिनं मान हलवली. "तट्टी भिंतीत जाते. उघडी ठेवली तर लोक म्हणतील, हिचं लेप द्यायचं राहिलंय. पोरगी तर घरात पाय ठेवायची नाही."

असा नोव्हेंबर गेला, आणि डिसेंबरही लागला. त्यात उतरता चांद येऊन संपत आला. सात डिसेंबरला आम्ही दारोदार मेणबत्त्या लावतो. त्या रात्री आकाशात चंद्र नव्हता. हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. ओतिलियाच्या आलं असेल.

आठ तारखेला जोराचा पाऊस झाला. नऊला सकाळी कार्मेन्साचा निरोप आला. तिची कौलं सरकली होती, पाणी शिरलं होतं, आणि त्या पांढऱ्याशुभ्र छताचा टेबलाएवढा लेप जेवणाच्या खोलीत पडला होता. मी शिडी लावून वर गेलो. सैल झालेला चुना खरवडून काढला. खाली तट्टी होती. पिवळी, कोरडी होत आलेली, एकही भोक नाही, भुग्याचा कण नाही. आणि एका तट्टीच्या टोकाला तीन चिरा: दोन सरळ, एक तिरकी.

ती खूण मला ठाऊक होती. बेटातून माल आणताना कुणाचा ढीग कुठला हे कळावं म्हणून ओतिलिया प्रत्येक तट्टीच्या टोकाला तशी खूण करायची. तिचा बापही करायचा.

कार्मेन्सा खालून म्हणाली, "सगळं काढून टाक. जिप्सम घाल. कुजलं असेल."

"कुजलेलं नाही दोन्या कार्मेन्सा. कौलं नीट बसवा आणि परत चुना द्या. खालचं आणखी पन्नास वर्षं राहील."

"कुणी केलंय म्हणायचं ते? सासऱ्यानं कुणाला तरी सांगितलं होतं."

मी नाव सांगितलं. ती मान वर करून त्या तट्टीकडे बघायला लागली. 

मी सरळ वर चढून ओतिलियाला घेऊन आलो. ती शिडी चढली, मी खालून धरली. तिनं वाकलेल्या बोटानं तट्टी ठोकली आणि कान लावला. परत ठोकली, दुसऱ्या जागी. बराच वेळ वर होती. उतरली तेव्हा केसांत चुना होता.

"नुबिया पोटात होती तेव्हाचं काम हे. एकेचाळीस वर्षं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एव्हेलियो, तट्ट्याच घालायच्या. आणि माझ्या छताला लेप द्यायचा नाही."

कार्मेन्सा म्हणाली, "उघडं ठेवणार?"

"उघडं."

खोली चार मीटर रुंद, पाच मीटर वीस लांब. एक तट्टी चाळीस सेंटिमीटर भरते. तेरा तट्ट्या. पूर्वी हे तिचं सकाळचं काम होतं, दुपारच्या जेवणाआधीचं. पण चांद दोन दिवसांपूर्वी संपला होता. पुढचा उतरता चांद बावीसला लागणार आणि तिच्या घरची प्रार्थना तेवीसला.

मी मदत करायला गेलो आणि चूक केली. दहा तारखेला खालच्या रस्त्यावरून एक गाडी ताजा ग्वादुआ घेऊन चालली होती. मी पंधरा बांबू निवडून उतरवून घेतले. सरळ, एकसारखे, सुंदर माल. ओतिलियाच्या अंगणात रचले. विकणारा म्हणाला होता, उतरत्या चांदातला आहे. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

ती बाहेर आली. पहिल्या बांबूच्या कापलेल्या टोकाची एक ढलपी सुरीनं काढली, तोंडात टाकली, चावली आणि थुंकली.

"उसासारखा गोड आहे. परवाचा तोडलेला."

"बोरॅक्सच्या पाण्यात बुडवू की. हल्ली सगळे तेच करतात."

"बुडव. आणि तुझ्या घरी लाव."

"दोन्या ओतिलिया, कुणाला कळणार आहे? वर्षभर तरी टिकेलच. तेवीस तारीख निघेल."

ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू मिस्त्री आहेस."

मी ते पंधरा बांबू परत खाली वाहिले. आठ खेपा, चढउताराच्या वाटेनं. त्यांचं मी कोंबड्यांचं खुराडं केलं. ऑगस्टात कोंबड्यांच्या पाठीवर पिवळा भुगा पडायला लागला.

तर आता माल नव्हता. जुना, नीट चांदात तोडलेला ग्वादुआ वाडीत पुष्कळ होता, पण सगळा वापरात: केळीच्या टेकूंना, कॉफी वाळवायच्या मांडवांना, कुंपणाला. शिवाय तो वाळलेला. वाळका बांबू कुऱ्हाडीखाली उलगडत नाही, चिरफळतो.

आमच्याकडे मोठं काम निघालं की घरवाला हाक घालतो, सगळे येतात, जेवण त्याचं. ओतिलिया पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या हाकेला गेली होती. स्वतः एकदाही हाक घातली नव्हती. या वेळीही घालायला तयार नव्हती.

"छत माझं. लोकांचे टेकू काढून आणू?"

मी वाद घातला नाही. पण वाडीत बातमी लपत नाही. अकरा तारखेला संध्याकाळी कार्मेन्सा चढ चढून आली. मागे तिचा गडी, त्याच्या खांद्यावर दोन लांब बांबू. तिच्या वाळवणीच्या मांडवाचे होते, काळपट, बारा वर्षांचे.

"हे धर," ती धापा टाकत म्हणाली. "गुडघे दुखतात माझे, छत्री आणायला लागू नये म्हणून आणलेत."

ओतिलियानं ढलपी काढली, चावली. "बरे आहेत."

"बरे आहेत म्हणते. माझ्या नवऱ्यानं तोडलेत ते, देवाघरी गेला बिचारा. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट वेळेवर केली त्यानं."

दुसऱ्या दिवशी इतर घरांतूनही बांबू आले. बावीस बांबू जमले. ओतिलियानं प्रत्येकाची ढलपी चावली आणि सहा परत पाठवले. ज्यांचे परत गेले ते रागावले, आणि त्यांनी दुसरे आणले नाहीत. राहिले सोळा.

ते ओले कसे करायचे हे तिला माहीत होतं. कॉफीचा हंगाम संपला होता. बिया धुवायची कार्मेन्साची लांब टाकी रिकामी होती. सोळाही बांबू तिच्यात घातले, प्रत्येक पेऱ्याला बारीक भोक पाडून, म्हणजे पाणी आतपर्यंत जाईल. वर दगड ठेवले. पाच दिवस.

सतराला तिनं कुऱ्हाड घेतली. मी जवळ बसून होतो. ताज्या ओल्या बांबूला ती पूर्वी अर्ध्या तासाच्या आत मोकळं करायची. इथं एका बांबूला तीन तास लागले. दोन बोटांऐवजी एका बोटावर चीर, निम्म्या ताकदीनं, दुप्पट वेळा. दर पेऱ्याला थांबून ओलं पोतं दाबायचं. टाचांनी दाबताना भिंतीला हात लावून, श्वास रोखून. पहिला उघडला. दुसरा मधोमध फाटला. तिनं तुकडे उचलून चुलीजवळ ठेवले आणि तिसरा घेतला. दिवसाला तीन-चार झाले की उजवा हात तिला घास उचलू देत नव्हता. डाव्या हातानं जेवायची.

मी एकदा म्हणालो, "दोन घाव मी घालतो."

"तू छतं बसवतोस. ते कर."

एकोणीसला संध्याकाळी नुबिया सुट्टी घेऊन आली. शहरात कपड्यांच्या दुकानात असते, नखं लाल, चपला पांढऱ्या. अंगणात तट्ट्या वाळत पडलेल्या बघून दारातच थांबली.

"आई, हे काय? मी म्हटलं होतं पीव्हीसी मी आणते म्हणून."

"एव्हेलियोनं दिलेलं टांगून बघितलं. पोट सुटलं."

"आणि हे उघडंच ठेवणार? लोक वर बघतील."

"बघू देत. त्यासाठीच ठेवतेय."

"अगं, लोक तट्टी झाकतात. झाकायचीच वस्तू आहे ती."

ओतिलिया उकिडवी बसली होती, तशीच राहिली. "पोरी, या वाडीत ज्या भिंतीला तू लहानपणी टेकलीस ती बहुतेक माझी आहे. चुन्याखालची एकही तू पाहिली नाहीस. मीसुद्धा परवा पहिल्यांदा पाहिली." आणि पुढच्या पेऱ्यावर घाव घातला.

नुबिया आत गेली. भांडी आपटल्याचे आवाज आले. थोड्या वेळानं ती बाहेर आली, आईचे जुने रबरी बूट घालून. खरवडायचं पातं उचललं आणि पहिल्या तट्टीवर बसली. लहानपणी शाळेतून आली की हेच करायची. हात विसरला नव्हता. गर पातळ, सलग, सालीला धक्का न लावता निघत होता. तासाभरानं ओतिलिया न बघताच म्हणाली, "पेऱ्याजवळ जास्त राहतोय." नुबिया म्हणाली, "माहीत आहे गं." आणि परत फिरवला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या सगळ्या तिनंच खरवडल्या.

एकवीसला मोजलं. सोळातले चार फुटले होते. तट्ट्या बारा.

बावीसला ठोकल्या. भिंतीत लेप धरावा म्हणून तट्टीची आतली बाजू बाहेर ठेवतात. इथं उलट: चकचकीत साल खाली, खोलीकडे. वर, पत्र्याच्या बाजूला, कॉफीची रिकामी पोती उसवून दोन थर अंथरले. खिळा पेऱ्याला सोडून, आधी बारीक भोक पाडून. ओतिलिया स्वतः शिडीवर होती. मी सांगितलं, जोड एकमेकांना घट्ट भिडवा. तिनं केसाएवढी फट ठेवली. म्हणाली, पावसाळ्यात तट्टी फुगते. हे मला चाळीस वर्षांत सुचायला हवं होतं.

बारावी ठोकून झाली. दाराकडच्या भिंतीशी चाळीस सेंटिमीटरची पट्टी उघडी राहिली. वर पत्रा दिसत होता.

नुबिया म्हणाली, "एवढ्यापुरती पीव्हीसीची पट्टी लावू. उद्याच्या दिवसासाठी. मग काढ."

मीही म्हणालो, "दहा मिनिटांचं काम आहे."

ओतिलिया शिडीवरूनच त्या फटीकडे बघत होती. तिच्या तोंडावर मला थकवा दिसला, पहिल्यांदा. मग म्हणाली, "नको. जे आहे ते आहे. बाराच झाल्यात."

तेवीसला संध्याकाळी सगळी वाडी आली. खोलीत मावत नव्हती. आणि पाऊस आला. पत्र्यावर तडतड सुरू झाली, पण ती पोत्यांच्या आणि तट्ट्यांच्या पलीकडे राहिली. प्रार्थना म्हणणारीचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. फक्त दाराशी, त्या उघड्या पट्टीखाली उभे होते त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. ते हळूहळू आत सरकले.

दिव्यांच्या उजेडात साल मधासारखी चमकत होती. एकेक जण प्रार्थना करता करता वर बघत होता. आमच्यापैकी कुणी अख्खी उघडी तट्टी घरात पाहिली नव्हती. कुऱ्हाडीच्या चिरा ओळीनं, एका मापानं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या.

खीर वाटताना कार्मेन्सानं चमच्यानं दाराकडे दाखवलं. "तिथं काय राहिलं?"

उत्तर नुबियानं दिलं. हातात बुन्युएलोंचं ताट होतं. "तिथं चांगला बांबू मिळाला नाही. आई वाईट लावत नाही." आणि वर बघून म्हणाली, "बाकीचं सगळं तिनं केलंय. वाळक्या बांबूचं."

"ते कळतंय गं," कार्मेन्सा म्हणाली. "माझ्या घरी एकेचाळीस वर्षं डोक्यावर आहे. मला चुनाच दिसत होता." आणि ओतिलियाकडे वळून, "अजून एक बुन्युएलो दे. कष्टानं चढून आलेय."

चोवीसला सकाळी मी शिडी परत न्यायला गेलो. दार नुबियानं उघडलं. ओतिलिया घरी नव्हती. उतरता चांद दोन दिवसांपूर्वीच लागला होता. ती उजाडायच्या आत कुऱ्हाड घेऊन बेटात गेली होती, एका बांबूसाठी. तोडलेला बांबू तीन आठवडे बेटातच, फांद्यांसकट, दगडावर उभा ठेवायचा असतो. ती तीन आठवडे थांबली.

तेरावी तट्टी तिनं जानेवारीत ठोकली, मला न बोलावता, टेबलावर उभी राहून. मी बघायला गेलो. ती बाकीच्यांपेक्षा फिकट, हिरवट आहे. वर्ष-दोन वर्षांत रंग मिळेल. खिळे सरळ. फट केसाएवढी. आणि दाराच्या बाजूच्या टोकाला, सालीवर, खोलीकडे तोंड करून, तीन चिरा: दोन सरळ, एक तिरकी. आत येणाऱ्याला त्या आधी दिसतात.